साळूचा फेर

साळूला गप्प बसणं जन्मात जमलं नाही. वीटभट्टीवर बाकीच्या बाया भाकरी खाऊन जरा टेकल्या, की ही कच्च्या विटा उलथत बसायची. सुकापूरच्या कितीतरी इमारतींवर तिने घमेली वाहिली. तिच्या चुळबुळीला वाडी हसायची. पण त्या पंधरवड्यात तिला हसायची कुणाची हिंमत नव्हती.

तिची थोरली सुनिता, वाडीतली पहिली बारावी पास. पनवेलला नर्सिंगला नंबर लागला होता. वसतिगृहाच्या अर्जावर आदिवासी विकास कचेरीतल्या साहेबांची सही हवी होती, आणि दहा ऑगस्टच्या सोमवारी सकाळीच तो पनवेलला द्यायचा होता. सही नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर पोर पुन्हा भट्टीवर. साळू रोज कचेरीच्या पायऱ्या झिजवायची. शिपाई एकच पालुपद लावायचा, "साहेब आदिवासी दिनाच्या तयारीत आहेत." आदिवासींच्या दिवसापायी आदिवासी बाईनेच दाराबाहेर ताटकळायचं! धन्य ती तयारी.

नऊ ऑगस्ट रविवारी आला. टेम्पो वाडीतल्या बायांना कार्यक्रमाच्या हॉलवर नाचायला घेऊन गेला. साळूने अर्ज पोलक्यात खोचला होता. भाषणं संपता संपेनात. आजचा दिवस तुमचा, जगभर साजरा होतोय, असं साहेबांनीही सांगितलं. साळूचा जीव मात्र साहेबांच्या खुर्चीत अडकलेला. हा माणूस उठला की गाडीत बसणार, मग संपलंच.

अखेर नाच पुकारला. बायांनी एकमेकींचे हात गुंफले. गाणारी गाणं आवरत नाही तोवर फेर मोडायचा नाही, ही वाडीची रीत. आणि गाणारी होती साळू.

दुसऱ्या कडव्याला तिने फेर स्टेजवरून खाली उतरवला आणि पहिल्या रांगेतल्या साहेबांच्या खुर्चीभोवती फिरवला. साहेब खूश. टाळ्या वाजवल्या, फोटो काढून घेतले. साळू पदरची कडवी जोडत होती:

"पंदरा येला आले गो, सायब नाय दिसला,
पोर माजी शिकली गो, कागूद तसाच बसला!"

सातव्या कडव्याला साहेबांनी घड्याळ पाहिलं. दहाव्याला उठले, पण वाट कुठे होती? शेजारची ललिता कुजबुजली, "साळू, आवर आता. पकडून नेतील."

"नेऊ दे," साळू म्हणाली. तिने अर्ज काढून पुढे धरला.

"अहो बाई, आज सुट्टी आहे," साहेब वैतागले.

"सायब, मगाशी तुमीच बोललात, आजचा दिवस आमचा हाय."

लोक हसले. साहेबांनी कुणाचं तरी पेन घेऊन सही ठोकली. "झालं? सोडा आता."

"आन् शिक्का?"

"तो कचेरीत आहे."

साळूने पुढचं कडवं उचललं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि शिपायाला मोटारसायकलवर पिटाळलं. तो शिक्का घेऊन येईस्तोवर साळू गात होती.