न्हाव्याने केलेला फोन

आखातातल्या खैतान या वस्तीतला माझा न्हावी राजापूरकडचा होता. गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी उचलून तो आधी तब्येत विचारी आणि मगच वस्तरा लावी.

एका शुक्रवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे दोन सुतार धावत दुकानात आले. त्यांचा सोबती नशेच्या गोळ्या जास्त घेऊन बेशुद्ध पडला होता.

"ॲम्ब्युलन्स बोलावली तर पोलीस येतील. आमच्या सगळ्यांचा राहायचा परवाना जाईल," एक जण म्हणाला.

कायदा नेमका काय सांगतो, हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. भीती मात्र सर्वांना पाठ होती.

न्हाव्याने फोन उचलला आणि नंबर लावता लावता सुतारांना म्हणाला, "त्याला कुशीवर निजवा. डॉक्टरला गोळीचं खरं नाव सांगा. लाजायचं ता मागाहून, सवडीनं!" मग मोडक्या अरबीत पत्ता दिला. पलीकडून नाव विचारताच त्याने खिशातले ओळखपत्र काढले आणि त्यावरचे नाव सावकाश वाचून दाखवले. त्याच्या काटेकोरपणाचे मला फार कौतुक वाटले.

तो सुतार वाचला. पोलीस येऊन चौकशी करून गेले. कोणालाही परत पाठवले नाही.

काही वर्षांनी मी न्हाव्याला एक बातमी वाचून दाखवली. अशा वेळी मदत बोलावणाऱ्यावर नशेच्या गुन्ह्याचा खटला भरू नये, असा कायदा अमेरिकेतल्या एका राज्याने केला होता.

"बरं केलं, मास्तर," तो हसत म्हणाला. "त्या दिवशी भीतीनं मला माझंच नाव आठवंना, म्हणून कार्ड काढलेलं. तिकडच्यांचं आता तसं नाय व्हायचं."