फळीला मारलेल्या गाठी

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे साहेबाची फळी कापडात बांधणं. त्यानंतर आमच्या दोघांच्या हातून एकत्र काही झालं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट आहे, कुवेतची. बनेद अल-गारला समुद्राच्या बाजूला एका इंग्रज साहेबाचा बंगला होता. मी त्याचा ड्रायव्हर, माझी बायको त्याच्या दोन पोरांची आया. बंगल्यामागच्या खोलीत आम्ही राहायचो. मी रत्नागिरीकडचा, चौथी शिकलेला. जसं आठवतं तसं सांगतो.

फळी म्हणजे लाटेवर उभं राहायची. माणसापेक्षा दीड-दोन हात लांब, गुळगुळीत, मधोमध लाल पट्टा. कुवेतच्या समुद्राला लाट कुठली, तो आपला तळ्यासारखा पडलेला. म्हणून साहेब सुट्टीला सिलोनला निघाला होता, मेमसाहेब, पोरं आणि ती फळी घेऊन. वाटेत विमान मुंबईला थांबणार होतं आणि तिथपर्यंत माझी बायको त्यांच्याबरोबर जाणार होती.

तिच्या काळजाची झडप आखडली होती. डॉक्टर म्हणाला होता, ऑपरेशन मुंबईला होतं, लवकर न्या. बोटीचा प्रवास तिला झेपला नसता. विमानाचं तिकीट माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मेमसाहेब म्हणाली, पोरांना सांभाळायला आमच्याबरोबर येऊ दे. ते विमान चुकलं तर बायको गेली, असं मी धरूनच चाललो होतो.

फळीसाठी साहेबाने लाकडी पेटी करून घेतली होती. विमानवाले म्हणाले, जड आहे, नको. निघायच्या दुपारी साहेब मला म्हणाला, कापडात गुंडाळ. घरात पांढऱ्या कापडाचा तागा होता. मी एक टोक धरलं, बाकीचं तिने केलं. गावाकडे बाई वारली की तिला गुसल द्यायला, म्हणजे शेवटची अंघोळ घालायला, कफन घालायला हिलाच बोलवायचे. कुवेतलाही आमच्या रत्नागिरी-रायगडच्या घरांतून हिलाच बोलावणं यायचं. एवढं लांब काही गुंडाळायची तिच्या हाताला एकच रीत ठाऊक. झालं तेव्हा मी बघितलं. डोक्याशी एक गाठ, कमरेला एक, पायाशी एक.

"ह्या काय केलंस गो?"

"काय म्हणजे? बांधलं."

"मय्यत बांधल्यासारखी बांधलीस. सोड ती."

तिने नीट बघितलं आणि धाप लागेपर्यंत हसली. "केवढी लांब मय्यत! कबर खणणारा ज्यादा मजुरी मागेल." मग म्हणाली, "तुमी बाजूला व्हा. आता वेळ नाय."

मला हसू आलं नाही. पण साहेब हाका मारत होता. फळी मोटारीच्या टपावर बांधली आणि निघालो.

रस्त्यात गाड्या आपोआप बाजूला व्हायला लागल्या. एक म्हातारा अरब थांबला, मान खाली घालून दुआ पुटपुटला. साहेबाला वाटलं, लोक त्यालाच मान देतायत. त्याने हात वर करून सलाम घेतला. मागे बायको पोरांना पोटाशी धरून बसली होती.

विमानतळावर हमालांनी फळीला हात लावायला नकार दिला. एकाने जाऊन पोलिसाला आणलं.

"कोणाची मय्यत?" पोलिसाने मला अरबीत विचारलं. "वरका कुठे आहे?"

वरका म्हणजे कागद. माझी अरबी पेट्रोल आणि भाजीपुरती. त्यात बोबडी वळलेली. मी म्हणालो, "लकडा. साहेब का लकडा." तो माझ्याकडे बघत राहिला. मागून आणखी दोन पोलीस आले. मला आत टाकतील, बोटीत बसवून परत पाठवतील, हिला विमानात चढू देणार नाहीत, सगळं डोळ्यापुढे आलं.

साहेब लाल झाला. पोलिसांवर इंग्रजीत ओरडायला लागला. फळी नाही तर मी पण जाणार नाही, म्हणाला. मेमसाहेब दात आवळून त्याला गप्प करत होती. वरून लाऊडस्पीकरवर विमानाची हाक सुरू झाली. लाकडाच्या एका फळीसाठी तो विमान सोडायला निघाला होता आणि माझी बायको बाकावर बसून माझ्याकडे बघत होती.

"उघड," पोलीस म्हणाला.

मी गाठीला हात घातला. टोकच सापडेना.

"सरका," ती मागून म्हणाली. कफनाच्या गाठी कबरीत सोडायच्या असतात, त्यामुळे एका ओढीत सुटतील अशाच मारतात. तिने ओढली आणि एकेक सुटली. लाल पट्टा दिसला. पोलिसाने बोटाने टकटक करून बघितलं आणि विचारलं, हे काय? साहेबाने तिथेच गुडघे वाकवले, दोन्ही हात पसरले आणि लाटेवर असल्यासारखं डोलून दाखवलं. पोलीस पोट धरून हसले. "यल्ला, यल्ला," म्हणाले, म्हणजे चला, निघा.

तेवढ्यात ती फळीशेजारी जमिनीवर बसली. ओठ निळे पडले होते. दारावरचा विमान कंपनीचा माणूस आपल्याकडचाच, पुढे आला. "ये बाई बीमार लगती है. डॉक्टर का कागज है?"

ती उठली. धाकट्या पोराला, चांगला जाडजूड होता तो, उचलून कमरेवर घेतलं.

"बीमार कौन? हमेरे को ये लडका उठाने का है. खाता कितना है देखो."

तो हसून बाजूला झाला. मी तिचा दंड धरून ठेवला होता.

"सोडा आता," ती म्हणाली, "लोकं बघतायत."

पोराला घेऊन ती शिडी चढली. मध्यावर थांबली. मला वाटलं, आता पडते. तिने कठड्याला हात लावला आणि पोराला विमानाचा पंखा दाखवत राहिली, जणू त्याच्यासाठीच थांबली होती. मग उरलेल्या पायऱ्या चढली. दार लागलं.

मुंबईला ऑपरेशन झालं, त्यातून ती उठली नाही. मी तिथे नव्हतो. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या बाया न्हाऊ घातल्या, तिला कोणी गुसल दिलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. लोक म्हणतात, विसर पडतो. खोटं बोलतात.

पण हे पुढचं. त्या वेळी भीती होती ती विमानाची. वर तिचा श्वास कोंडला असेल, कोणाला कळलंही नसेल, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमान कंपनीच्या ऑफिसासमोर जाऊन उभा राहिलो. शटर बंद होतं. बऱ्याच वेळाने एक कारकून आला.

"कालचं मुंबईचं विमान पोचलं?"

"पोचलं."

"सगळी माणसं नीट उतरली?"

"उतरणार नाहीत तर काय आत राहतील, चाचा? काही झालं असतं तर तार आली असती."

मी त्याला पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. कालपासून मी काही खाल्लं नव्हतं. कोपऱ्यावरच्या रोटीच्या भट्टीतून गरम खुबूस घेतलं आणि रस्त्यावर उभ्यानेच खाल्लं. पोट भरलं नाही, तेव्हा आणखी एक घेतलं.