पिंप बोलतंय तोवर

गल्लीत तिला सगळे पिंपमावशी म्हणत. नाव ठेवणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. बांधा तसाच होता, आणि जन्मही पिंपांच्या संगतीत गेलेला. घरामागच्या थंडगार, अर्धवट अंधाराच्या खोलीत तिची लाकडी पिंपं ओळीनं उभी असत. आत बोटभर कोवळ्या काकड्या, शेपू, लसूण, मिठाचं पाणी, आणि सगळं बुडून राहावं म्हणून वर एक धोंडा. पुढचं काम काकड्यांचं.

काकडी मुरली की नाही हे बाकीचे लोक चाखून ठरवतात. मावशी ऐकून ठरवायची. मुरत असलेलं पिंप आतून बुडबुडतं, कुजबुजतं. गप्प झालं की समजायचं, काम झालं. ‘पिंप बोलतंय तोवर झाकणाला हात लावायचा नाही’ हा तिचा कायदा. दुपारी पिंपाला गाल टेकून, डोळे मिटून ती बसली की जगबुडी झाली तरी हलत नसे.

“आई, झोपलात की काय?” सून विचारायची.

“झोपतेय कसली! यांच्या गप्पा ऐकतेय. तुझ्यापेक्षा बरं बोलतात.”

त्या हंगामात मात्र दारालगतचं पिंप गप्प व्हायचं नावच घेईना. मावशी खूश. काय गप्पिष्ट निघालंय, म्हणाली. पुढे ती कुजबुज तिच्यासोबत स्वयंपाकघरात आली, बाजारात आली, उशीवरही आली. आपल्यावर जीव जडलाय पिंपाचा, असं तिला वाटायचं. झोपेत ती हिरव्या, गढूळ पाण्यात तरंगायची, शेपूच्या काड्या गालांवरून सरकायच्या आणि चहूकडून कुणीतरी बोलत राहायचं. उठावंसं वाटत नसे.

शेवटी तिच्याकडून काकड्या नेणारा खाणावळवाला दारात येऊन बसला. त्याच्या बरण्या कधीच्या रिकाम्या होत्या. मावशी अडून राहिली, “अजून बोलतंय रे.” सुनेनं न जुमानता झाकण काढलं. काकडी उचलली तर बोटातच चेपली. सगळ्याचा लगदा.

“मीठच खोटं,” मावशी म्हणाली.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” खाणावळवाला पुटपुटला आणि हात हलवत गेला.

सुनेनं पिंप घासून अंगणात उन्हाला आडवं टाकलं. मावशी सवयीनं त्याच्याजवळ टेकली, गाल लावला. पिंप बोलत होतं. रिकामं, कोरडं, नुसतं ऊन भरलेलं पिंप तसंच कुजबुजत होतं.

आवाज पिंपात नव्हता, तिच्याच कानात होता. हा कान गेला तर आपण उरलो कशाला, असं वाटून ती तिथंच रडली.

सून धावत आली. “काय झालं, आई?”

ऊन लागलं, असं सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण मावशी उठली, सुनेचा हात धरून तिला आत नेलं आणि नव्या भरलेल्या पिंपाला तिचा कान टेकवला.

“काहीच येत नाही ऐकू.”

“डोळे मिट. घाई करू नकोस.”

बराच वेळ गेला. मग सुनेचा चेहरा हळूहळू सैल झाला.

“आई, आत कुणीतरी हसतंय.”

“हसू दे,” मावशी म्हणाली. “थांबलं की मला सांग. माझ्या कानात ते आता थांबायचं नाही.”