अनुपला नसलेली मिशी

जानकीपुरमच्या तिकोन्या पार्कातला अर्धपुतळा कांताबाई नगराळ्यांच्या मुलाचा आहे, असं त्याच्या खालच्या दगडावर कोरलेलं होतं. नाव बरोबर, गाव बरोबर, ‘सेना मेडल, मरणोपरांत’ हेही बरोबर. चुकला होता तो फक्त चेहरा. वर जो गडी बसवला होता, त्याची मान पैलवानाची होती आणि ओठावर पीळ भरलेली झुपकेदार मिशी होती. अनुपला मिशी नव्हती. नव्हती म्हणजे, यायचीच नाही नीट.

त्याचं कारण आलमबागेतल्या रेल्वे क्वार्टरच्या उंबऱ्यात होतं. अनुपचे वडील दयाराम नगराळे वर्ध्याहून इकडे उत्तरेत रेल्वेच्या कारखान्यात आले, आणि वर्षभराने कांताबाई लग्न होऊन त्यांच्या मागे. हिंदीचं अक्षर येत नव्हतं. सुरुवातीला भाजीवाल्याशी सगळा व्यवहार बोटांनी. पण बाई खमकी. शिलाई मशीन घेतलं, अर्ध्या कॉलनीच्या साड्यांना फॉल-पिको करून दिलं आणि गिऱ्हाइकांशी भांडत भांडत हिंदी शिकली. असंच एकदा मशीन चालू असताना पोरगं धावत आलं, उंबऱ्याला अडखळलं आणि वरचा ओठ नाकापर्यंत फाटला. टाके पडले. व्रण राहिला. पुढे मिशी फुटायच्या वयात व्रणाच्या दोन्ही बाजूंना केस आले, मध्ये रिकामी वाट. अनुपने तेव्हापासून वस्तरा धरला तो कायमचा. फौजेतली पोरं चिडवायची, तर हा फोनवर आईला सांगायचा, “माझी अर्धी मिशी तुझ्या उंबऱ्याने खाल्ली, असं सांगतो मी सगळ्यांना.” कांताबाई हसायच्या, आणि फोन ठेवल्यावर रडायच्या. चूक त्यांची नव्हती, पण आईला ते कोण सांगणार?

काश्मीरात एका गावाला वेढा पडला असताना अनुपने दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून ओढत बाहेर आणलं. तिसऱ्यासाठी गेला तो परत आला नाही. रुचिरा, त्याची बायको, तेव्हा पोटुशी होती. मागून जन्मलेल्या पिंकीने बापाला पाहिलं नाही ते नाहीच.

मेडल मिळालं आणि जानकीपुरमच्या मोहल्ल्याला, जिथे नगराळ्यांनी पुढे घर केलं होतं, एकदम जाग आली. अनुप जिवंत होता तेव्हा सुट्टीत घरी आला, तरी ‘नगराळे कौन, वो महाराष्ट्र वाले?’ एवढीच ओळख. आता स्मृती समिती निघाली. तिचे अध्यक्ष आदेश भैया. त्यांना कुठल्या ना कुठल्या निवडणुकीला उभं राहायचं असतं. पुतळ्याचं ठरलं. मूर्तिकाराकडे फौजींचे चेहरे आधीच ओतून तयार असत, फक्त नाव बदलायचं. कच्चा पुतळा दाखवायला समितीवाल्यांनी दयारामांना नेलं. दयारामांनी मिशी पाहिली. मूर्तिकार म्हणाला, “बाबूजी, फोटो में तो लड़का स्कूल का लगता है. वीर लगना चाहिए कि नहीं?” दयारामांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी सांगितलं, तेव्हा कांताबाईंनी हातातली कात्री आपटली.

“तुम्ही काहून हो म्हटलं?”

“एवढी मोठी माणसं, अनुपची आई. मान देतात. मिशीवरून भांडू त्यांच्याशी?”

आपलेच दात, आपलेच ओठ. बाई गप्प बसली, पण मनातून नाही. दरवर्षी सव्वीस जानेवारीला दोघांना पुढच्या खुर्चीवर बसवत. पंडितजी त्या अनोळखी कपाळाला टिळा लावत, नारळ फोडत. नगराळ्यांच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब, पण ते कुणी विचारलं नाही. कांताबाई मनातल्या मनात त्रिशरण म्हणत आणि डोळे मिटून घेत. लोकांना वाटे, आई गहिवरली. आई गहिवरली नव्हती, तिला समोर बघवत नव्हतं. ‘मेल्या म्हशीला मणभर दूध,’ त्या घरी येऊन शालीची घडी घालताना म्हणत, ‘आणि मेलेल्या पोराला मूठभर मिशी.’

एवढंच असतं तर त्यांनी गिळलं असतं. पण पिंकी मोठी होऊ लागली. तिची शाळेची व्हॅन पार्कावरून जायची आणि ड्रायव्हर रोज म्हणायचा, “पापा को सैल्यूट करो.” पोरगी रोज सॅल्यूट ठोकायची. लग्नाचा अल्बम रुचिराने कपाटाच्या तळाशी कोंबला होता. तो उघडायची तिची छाती नव्हती, आणि त्यासाठी तिला बोल लावावा असं कांताबाईंनाही कधी वाटलं नाही. राहिला भिंतीवरचा फोटो, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारचा. गुळगुळीत ओठ, त्यावर तिरपा व्रण. पिंकी त्याला ‘पापा की बचपन वाली फोटो’ म्हणायची. म्हणजे फौजी होण्याच्या आधीचा बाप. खरा बाप पार्कात.

हे ऐकलं आणि कांताबाईंनी चालतं मशीन थांबवलं. पोरगा तर गेलाच होता. आता त्याच्या लेकीच्या डोळ्यांतूनही तो जायला निघाला होता, आणि त्याच्या जागी कुणीतरी भलताच येऊन बसत होता.

म्हणून यंदा आदेश भैयांनी अर्धपुतळा काढून तिथे पूर्णाकृती उभारायचं जाहीर केलं, तेव्हा कांताबाईंनी कमरेला पदर खोचला. भिंतीवरचा फोटो उतरवला आणि स्वतः समितीच्या ऑफिसात गेल्या.

“भैया, इस बार चेहरा मेरे लड़के का बनाना. ये देखो, ये निशान. मूंछ नहीं थी उसकी.”

“अरे अम्मा, आपका बेटा पूरे देश का बेटा है,” आदेश भैया म्हणाले. “आप चिंता मत कीजिए. फोटो छोड़ जाइए.”

चहा पाजला, पाया पडले. कांताबाई घरी आल्या त्या हलक्या होऊन. त्या रात्री त्यांनी पिंकीला ओठ फुटल्याची गोष्ट सांगितली. “आता बघ, तुझे पप्पा खरे दिसतील,” म्हणाल्या. फोटो चार दिवसांत परत आला, ‘स्कॅन हो गया’ असा निरोप घेऊन, आणि पुन्हा भिंतीवर गेला.

सव्वीस जानेवारीला थंडी कडाक्याची होती. बँड वाजला, कापड ओढलं गेलं. वर तोच गडी! आता पायापर्यंत पूर्ण, हातात रायफल, आणि मिशी आधीपेक्षा दुप्पट. टाळ्यांचा कडकडाट झाला. कांताबाईंना शाल घालायला आदेश भैया पुढे झाले, तशी त्यांनी ती हातानेच दूर सारली आणि समोरचा माइक धरला.

“ये मेरा लड़का नहीं है.”

मग निवेदकाने हळूच माइक काढून घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, “सच है! शहीद किसी एक मां का बेटा नहीं होता!” पुन्हा टाळ्या. लोकांनी डोळे पुसले. दयाराम खाली मान घालून पुटपुटले, “बस ना आता, लोक बघतात.”

मग समितीने आईला भेट दिली. सोनेरी चौकटीतला मोठा रंगीत फोटो, कांताबाईंनीच दिलेल्या फोटोवरून केलेला. तेच डोळे, तेच कान, तोच अनुप. फक्त फोटो पुतळ्यासारखा दिसेना, म्हणून कुणीतरी कॉम्प्युटरवर त्याला मिशी चिकटवली होती. व्रण बरोब्बर मिशीखाली गेला होता. पोराचा पुतळा करता येईना, म्हणून पुतळ्याचा पोरगा केला!

घरी आल्यावर कांताबाईंनी ती चौकट भिंतीकडे तोंड करून उभी केली. पिंकीने ती लगेच फिरवली.

“आजी, ये वाली लगाओ ना दीवार पे. इसमें पापा, पापा जैसे लगते हैं.”

“नाही, बाळा. हे तुझे पप्पा नाहीत. ते बघ, वर आहेत ते तुझे पप्पा. तो ओठावरचा व्रण बघ. गोष्ट सांगितली होती ना तुला?”

पिंकीने वर पाहिलं, मग खाली पाहिलं. तिला आजीचं मन मोडायचं नव्हतं, पण हिशेब जुळत नव्हता.

“अच्छा,” ती म्हणाली. “तो फिर मेडल किसको मिला? मूंछ वाले को ना?”

रुचिरा स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ मोठा सोडला. दयारामांनी वर्तमानपत्र उघडलं. कांताबाईंनी चौकट पुन्हा भिंतीकडे वळवायला हात घातला, आणि तशीच राहू दिली. एवढी वर्षं त्या साऱ्या मोहल्ल्याशी मनातल्या मनात भांडल्या होत्या, पण पोरीशी कसं भांडणार? पोरीचं बरोबर होतं. मेडल, हार, शाली, बँड, सगळं त्या मिशीवाल्याला मिळालं होतं. उंबऱ्यावर ओठ फोडून घेतलेला तो पोरगा नुसताच मेला होता.