खाणीच्या काठावरचा ठिपका

माझा कॉम्प्युटर जुना आहे. ड्रोनचं मूळ चित्रण त्याला पेलत नाही. म्हणून मी आधी त्याची लहान, धूसर प्रत करतो, तिच्यावरच कापाकापी करतो आणि रंग सुधारायच्या वेळी मूळ फाइल उघडतो. गावाबाहेरच्या दगडखाणीचं चित्रण असंच चार दिवस कापत होतो. काठावर एक पांढरट ठिपका होता. बगळा असेल म्हणून सोडून दिला.

आज मूळ फाइल उघडली. सावल्या जरा उजळल्या, आणि बगळ्याला हात फुटला. ती आई होती. डोळ्यांवर हात धरून ड्रोनकडे बघत होती आणि बघता बघता मागे सरकत होती. टाचेमागे वीतभर जमीन, मग खाण. तेवढ्यात कॉम्प्युटर अडकला.

"आई, तू खाणीवर आली होतीस?" मी इथूनच विचारलं.

"डबा घेऊन आले होते की," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "तू त्या मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. म्हटलं, कशाला हाक मारा."

त्या मोबाइलवर ड्रोनला दिसेल तेच दिसतं. म्हणजे मी तिच्याकडेच बघत होतो. एवढ्या उंचीवरून सगळं सुंदर दिसतं. कुणाचा तोल चाललाय, ते दिसत नाही.

आत भाकरी थापल्याचा आवाज येतोय. ती सुखरूप आहे, हे मला कळतंय. पण पडद्यावर तिचा एक पाय अजून उचललेला आहे, आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू करायला माझा हात धजावत नाही.