कीबोर्डावर त्रिकोण नाही

ऑफिसात सगळे तिला मावशी म्हणायचे. तिचं वय सत्तेचाळीस, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत बाकी कुणी तिशीही ओलांडलेली नव्हती, तेव्हा मावशी होणं ओघानंच आलं. त्याआधी ती एका मोठ्या दुकानात, घेतलेला माल परत करायच्या खिडकीवर बसायची. तिथे लोक तोंडावर ओरडायचे, इथे लेखी ओरडायचे. एवढाच फरक, आणि खुर्ची जरा बरी.

कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. टीव्हीला डबा जोडून, दोन्ही हातांत पॅड धरून जे गेम खेळतात, ते संगणकावर चालतील असे करून द्यायचे. करायला ते किती अवघड आहे हे मावशीला रोज कळायचं, कारण तक्रारी तिच्याकडे यायच्या. कुणाचा माऊस गोंदात बुडवल्यासारखा हलायचा. कुणाच्या पडद्यावर दर चार पावलांनी चित्र अडकायचं. कुणाला सुरुवातीलाच ‘तयारी सुरू आहे, थांबा’ अशी पाटी दिसायची आणि चाळीस मिनिटं तीच दिसत राहायची. एकानं लिहिलं होतं की गेममधून बाहेर पडायचं बटणच सापडत नाही, म्हणून गेले तीन दिवस मी संगणकाची वायर उपसतोय.

या सगळ्यांना द्यायची चार उत्तरं ठरलेली होती. पहिलं, ‘कळवल्याबद्दल आभार. तुमची अडचण आम्ही समजू शकतो.’ दुसरं, संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. तिसरं, ही अडचण आमच्या माहितीत आहे. चौथं शिव्या देणाऱ्यांसाठी होतं. चारांच्या बाहेर एक शब्दही लिहायचा नाही, हा नियम. मावशी दिवसाला दीडशे तक्रारी निकाली काढायची. पहिल्या महिन्यात शिव्या वाचून ती उठून जिन्यात जाऊन बसायची. सहाव्या महिन्यात ते थांबलं. आता चौथं वर्ष होतं आणि शिवी वाचताना तिचं लक्ष शुद्धलेखनाकडे जायचं.

एका गुरुवारी ती जिन्याच्या वळणावर डबा खात बसली होती, तेव्हा धाकट्या बहिणीचा फोन आला. धाकटी शाळेत गणित शिकवायची. बोलायला लागली की समोरच्याला हुंकार द्यायलाही फट ठेवायची नाही, पण त्या दिवशी ती थांबून थांबून बोलत होती.

“ताई, डॉक्टर म्हणाले गाठ आहे. डाव्या बाजूला. सुईनं तुकडा काढून तपासायचाय.”

“कळवल्याबद्दल आभार,” मावशी म्हणाली.

 पलीकडे धाकटी हसली, पण ते हसणं अर्ध्यावर सुकलं. “ताई, मी तक्रार नाही गं केली,” ती म्हणाली आणि तास असल्याचं सांगून तिनं फोन ठेवला.

मावशीनं डबा धुतला. जागेवर येऊन संध्याकाळपर्यंत बासष्ट तक्रारी काढल्या. घरी जाताना ती वाट बघत होती की आता रडू येईल. काही झालं नाही. तिनं घरी येऊन कपडे वाळत घातले, चिमटे लावले आणि झोपली. झोपही लागली. तिला स्वतःचं नवल वाटायला हवं होतं, पण तेही पुरेसं वाटलं नाही.

त्या सुमारास एक माणूस रोज लिहीत होता. तो कारखान्यात लेथ मशीन चालवायचा, म्हणून मावशी मनातल्या मनात त्याला लेथवाला म्हणायची. तो शिवी देत नसे. कामाच्या नोंदवहीत लिहावं तसं लिहायचा. “आज दोन तास अकरा मिनिटं खेळलो. सात वेळा अडकलं. त्यातली पाच घोड्यावर असताना.” गेम बर्फाळ डोंगरांतून टपाल पोचवणाऱ्या एका घोडेस्वाराचा होता. तीन वर्षांपूर्वी लेथवाल्यानं तो आपल्या मुलीबरोबर टीव्हीवर खेळायला घेतला होता आणि दोघं नवव्या खिंडीपर्यंत पोचले होते. मग मशीनवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मुलगी शिकायला परगावी गेली. पॅड काही त्याला धरवेना.

“म्हणून संगणकावरच्या गेमची वाट बघितली,” त्यानं लिहिलं होतं. “कीबोर्ड टेबलावर पडून असतो. त्याला धरावं लागत नाही. डाव्या हाताला जमेल तेवढं डाव्या हातानं, बाकी पायानं. जुन्या शिलाई मशीनच्या पायपट्टीला स्विच बसवून मी दोन पेडलं केली आहेत. पण तुमचा गेम कुठलं बटण कशासाठी हे बदलू देत नाही. शिवाय पडद्यावर लिहून येतं, त्रिकोण दाबा, म्हणजे पॅडवरचं त्रिकोणाचं बटण. माझ्या कीबोर्डावर त्रिकोण नाही.”

मावशीनं तिसरं उत्तर पाठवलं. असं नऊ वेळा पाठवलं. दहाव्या वेळी त्याची एकच ओळ आली.

“तुम्ही माणूस आहात का? असाल तर नुसतं ‘हो’ लिहा. बाकी काही नको.”

ती ओळ तिनं दोनदा वाचली. खोलीत नेहमीसारखा कीबोर्डांचा कडकडाट चालू होता. तिला बहिणीचं अर्धवट हसणं आठवलं, आणि आठवूनही आत काही हललं नाही. एखाद्या कप्प्याला कुलूप आहे आणि किल्ली कुठे ठेवली तेच आठवत नाही, अशी गत. तिनं ‘हो’ लिहिलं आणि पाठवून दिलं. मग पुढची तक्रार उघडली.

अर्ध्या तासानं उत्तर आलं. “बरं वाटलं. आता एक विचारतो. बटणं ठरवणारी एखादी फाइल असेलच ना? मला मशीनचं थोडं कळतं. जागा दाखवा, बाकी मी बघतो.”

दुपारी मावशी एक मजला उतरून दाढीवाल्याकडे गेली. हा गेम संगणकावर आणणाऱ्यांपैकी तो एक. चांगला मुलगा, पण डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं. तिनं पेडलांचं सांगितलं तेव्हा त्यानं खुर्ची तिच्याकडे वळवली.

“पॅडवर बटणं ठरलेली असतात, मावशी. ती बदलायचा कुणी विचार करत नाही. आम्ही ती जशीच्या तशी उचलली.”

“पण इथे तर सगळे बदलायचं म्हणतात.”

“मग म्हणणारच. आम्ही अकरा जण होतो, सात महिने मिळाले. बटणं बदलायचं पान आठव्या महिन्यात करायचं ठरलं होतं.”

“मग आठव्या महिन्यात काय झालं?”

“गेम बाजारात आला,” तो म्हणाला.

पण त्यानं फाइल शोधून दिली. कुठल्या ओळीत काय लिहायचं ते कागदावर उतरवून दिलं आणि वर बजावलं, “माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.” मावशीनं तो कागद समोर ठेवून ओळ न् ओळ टाइप केली आणि लेथवाल्याला पाठवली. तीन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. पहिलं पेडल म्हणजे घोड्याचा लगाम, दुसरं म्हणजे त्रिकोण. नवव्या खिंडीत तो दोनदा दरीत पडला होता, पण पडला तो स्वतःच्या चुकीनं, आणि हे त्यानं मुद्दाम लिहिलं होतं.

इथवर सगळं सुरळीत झालं. पण लेथवाला साधा माणूस. खेळणारे जिथे एकमेकांशी बोलतात तिथे त्यानं मोठ्या प्रेमानं लिहून टाकलं की तक्रारीच्या पत्त्यावर एक खरंखुरं माणूस बसतं, विचारलं तर ‘हो’ म्हणतं, आणि मदतही करतं. फाइलची कृतीही त्यानं खाली जोडली, सगळ्यांच्या सोयीसाठी.

सोमवारी सकाळी तक्रारींच्या रांगेत चारशे बारा पत्रं होती आणि सगळ्यांत एकच प्रश्न होता. तुम्ही माणूस आहात का?

खोलीच्या प्रमुखाला सगळे पाठीमागे मुकादम म्हणायचे. त्यानं मावशीला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं नाही, तिथेच तिच्या टेबलापाशी उभा राहिला. “हे कुणी सुरू केलं?”

“मी,” मावशी म्हणाली.

“नियम माहीत होता ना?”

“हो.”

“मग?”

“त्यानं विचारलं होतं.”

 रागावायची तयारी करून आलेल्या माणसाला समोरून काहीच मिळालं नाही की तो जसा चुळबुळतो, तसा मुकादम टेबलावरचा स्टेपलर इकडचा तिकडे करत राहिला. फाइल कुणी दिली हे त्यानं विचारलं, तेव्हा तिनं नाव सांगितलं नाही. शेवटी निकाल असा लागला की मावशीनं यापुढे उत्तरं द्यायची नाहीत. आलेल्या तक्रारींना नुसती चिठ्ठी लावायची, म्हणजे अडकणं, माऊस, बटणं, इतर, आणि पुढे सरकवायची. चारशे बारा जणांसाठी एक पाचवं उत्तर तयार झालं. ‘होय, आपल्या तक्रारी माणसंच वाचतात.’ ते आपोआप जायचं.

आजूबाजूच्या पोरींना वाटलं मावशी खचेल. एकीनं तिच्यासाठी चहा आणला. मावशीनं तो प्यायला आणि कप विसळून ठेवला. तिला वाईट वाटलं नव्हतं, हे तिला त्या पोरीला कसं सांगावं ते कळेना, म्हणून तिनं नुसतं तिच्या पाठीवर हात ठेवला.

एक मात्र झालं. चिठ्ठ्या लावायला कुणीही चालत असे, त्यामुळे सुट्टी मागितली की लगेच मिळायला लागली. धाकटीच्या तपासणीला मावशी बरोबर गेली. निकाल आला तो नको तसलाच, पण डॉक्टर म्हणाले वेळेत सापडलं. दर दुसऱ्या मंगळवारी औषध चढवायला जायचं ठरलं. धाकटीचा नवरा कामानिमित्त बाहेरगावी असायचा, म्हणून मंगळवार मावशीकडे आले.

“तुझ्या ऑफिसातले चालवून घेतील?” धाकटीनं विचारलं.

“मी नसले तरी तिथे चालतं,” मावशी म्हणाली. तिनं ते खरं म्हणून सांगितलं, कुरकुर म्हणून नाही.

मधल्या काळात कंपनीनं गेमची दुरुस्ती बाहेर काढली. अडकणं थोडं कमी झालं, पण दुरुस्तीनं लेथवाल्याची फाइल पुसून टाकली. त्याचं पत्र आलं. “पेडलं मेली. कालपर्यंत चालू होती. तुम्ही आहात का तिथे?” मावशीनं त्याला ‘बटणं’ अशी चिठ्ठी लावली. पाचवं उत्तर गेलं, त्यामागून तिसरं गेलं, आणि लेथवाल्यानं लिहायचं थांबवलं.

ती पुन्हा खाली गेली. दाढीवाला आता दुसऱ्या गेमवर होता, टेबलही दुसरं होतं. त्यानं तिला बघून आधी नकारार्थी मान हलवली, मग म्हणाला, “फाइल पुसली गेली म्हणून चारशे लोकांनी बटणांबद्दल लिहिलं ना, त्यानं वरचे हललेत. बटणं बदलायचं पान करताहेत. महिनाभर लागेल.”

महिन्याचे सव्वादोन झाले, पण पान आलं. त्यानंतर दोन आठवड्यांनी लेथवाल्याचं पत्र रांगेत दिसलं. “मुलगी सुट्टीत आली होती. तिला म्हटलं तू खेळ, तर म्हणाली बाबा, तुम्हीच खेळा, मी बघते. शेवटचं टपाल पोचवलं. एकूण अडकलं चार वेळा. गेम संपला.” तक्रार काहीच नव्हती. चांगलं सांगणाऱ्यांसाठी चिठ्ठी नव्हती. मावशीनं ‘इतर’ लावली आणि पुढे सरकवली. दिवसभरात ते पत्र तिच्या मनात एक-दोनदा येऊन गेलं, रस्त्यात ओळखीचा माणूस समोरून यावा तसं.

औषधाच्या आठव्या मंगळवारी दवाखान्याच्या लांब खोलीत दोघी बाजूबाजूला बसल्या होत्या. धाकटीच्या हाताला नळी लावलेली होती आणि वरच्या पिशवीतून थेंब पडत होते. ती अलीकडे कमी बोलायची. समोरच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं, ते दोघींनी पुन्हा पुन्हा वाचून संपवलं होतं.

“ताई, घाबरली आहेस का?” धाकटीनं विचारलं.

मावशीनं स्वतःच्या आत बघितलं. ठरलेलं उत्तर कुठलंच वर आलं नाही, आणि दुसरंही लवकर सापडेना. 

“कळत नाही गं,” ती म्हणाली. “पाय गार पडलेत.”

धाकटीनं मोकळ्या हातानं आपल्या अंगावरची शाल ओढली आणि अर्धी मावशीच्या गुडघ्यांवर टाकली. ती नीट पसरेना, मग मावशीनं वाकून टोक पायाखाली खोचलं. नर्स आली, पिशवीकडे बघून अजून पाऊण तास म्हणाली आणि पलीकडच्या खुर्चीत पदरानं वारा घेत बसलेल्या बाईंकडे गेली.

“इथला पंखा बंद करायला सांगू का?” धाकटी म्हणाली.

“राहू दे,” मावशी म्हणाली. “त्या बाईंना उकडतंय.”