कागद न मागणारं कॉलेज

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तीस वर्षं काढलेल्या माणसाला रिटायर झाल्यावरही कोणी सुखानं चहा पिऊ देत नाही. अमरावतीत माझ्या दारात लोक येतात, काखेत प्लास्टिकची पिशवी असते, पिशवीत परदेशातल्या कॉलेजचं पत्र. "साहेब, जरा पाहून सांगा न, खरं आहे का हे." तोवर सगळ्या गावाला सांगून झालेलं असतं, पाहुण्यांना पेढे वाटून झालेले असतात. मग विचारायला येतात. कंटाळलो आहे मी या लोकांना, अन् त्यांना दरवेळी तेच तेच सांगणाऱ्या स्वतःलाही.

हेच लोक सोयरीक करताना किती हुशार असतात पाहा. मुलाचा बाप जे सांगेल ते मान हलवून ऐकतात अन् घरी आल्यावर त्याच्या शेजाऱ्याला फोन लावतात. स्थळ पातूरचं असलं तर पातूरच्या किराणावाल्यापर्यंत चौकशी जाते. मुलाच्या बापाच्या शब्दावर कोणी पोरगी देत नाही. कॉलेज निवडताना मात्र कॉलेजनंच छापलेलं रंगीत पुस्तक म्हणजे ब्रह्मवाक्य.

दुसऱ्यांना हसत होतो. मग पाळी माझ्या बहिणीच्या घरावर आली.

बहीण अकोल्याला असते. तिच्या पोरीनं बी.एस्सी. केलं अन् परदेशात एम.एस्सी.ला नंबर लागला, असा फोन आला. रविवारी समाजाच्या सभागृहात सत्कार ठेवला होता. मी शनिवारी सकाळच्या एसटीनं निघालो. अकोल्यात उतरलो तर चौकात भाचीचा फ्लेक्स, मागं विमान काढलेलं, खाली शुभेच्छुक म्हणून पंचवीस जणांचे फोटो. हौसेला मोल नाही म्हणतात ते असं.

जेवणं झाली, जावई, म्हणजे भाचीचे बाबा, जरा आडवे झाले, तशी भाची लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "मामा, मले खरं खरं सांगा. अमरावतीत एम.एस्सी.ची जागा भेटली आहे मले. सोमवारी कागद जमा नाही केले तर जागा जाते."

मी एकच विचारलं, "त्यांनी तुझी मार्कशीट कशी मागतली?"

"मोबाईलवर फोटो पाठवला. दोन दिवसांत अ‍ॅडमिशनचं पत्र आलं."

माझं मन तिथंच खचलं. बाहेरची खरी कॉलेजं काय जीव खातात ते मी तीस वर्षं भोगलं आहे. मार्कशीट बंद लिफाफ्यात पाहिजे, लिफाफ्याच्या जोडावर सही पाहिजे, सहीवर शिक्का पाहिजे, अन् एवढं करून वर आमच्याच ऑफिसला पत्र, की ही मुलगी तुमचीच का? शिव्या घालत उत्तरं लिहायचो मी. ज्याला तुमच्या कागदाची शंका येत नाही, त्याच्या कागदाची शंका घ्यावी. एवढी एकच अक्कल मी नोकरीतून घरी आणली.

तरी नीट पाहिलं. त्या देशाच्या शिक्षण खात्याची यादी आम्ही स्वतः शोधून उघडली, कॉलेजनं दिलेल्या लिंकवरून नाही. यादीत नाव नव्हतं. ज्या संस्थेनं म्हणे कॉलेजला मान्यता दिली, तिचा पत्ता कॉलेजचाच निघाला. म्हणजे नवरदेवाच्या चांगुलपणाचा दाखला नवरदेवानंच दिला. नकाशावर त्या पत्त्यावर फर्निचरचं दुकान होतं. मग भाचीनं हळूच एक मेल दाखवला. तिनं आठवड्यापूर्वीच त्या खात्याला विचारलं होतं. आदल्या संध्याकाळी उत्तर आलं होतं, की या संस्थेला पदवी द्यायचा अधिकार नाही.

"तुले तर माहीतच होतं," मी म्हणालो.

"माह्यं कोण ऐकते, मामा? तुमी सांगा बाबाले."

जावई उठल्यावर मी सांगितलं. त्यांनी मेल वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. खोटं आहे हे त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "दादा, फ्लेक्स लागला. पाहुणे निघाले घरून. उद्याचा दिवस जाऊ द्या. पोट्टीले नाई पाठवत मी, शब्द देतो. सोमवारी काहीतरी कारण सांगू. तब्येतीचं सांगू."

मी भांडायला पाहिजे होतं. पण बहिणीचं घर, जावयाचा शब्द, आपलेच दात अन् आपलेच ओठ. अन् खरं सांगतो, मी थकलो होतो. पोरगी वाचली न, मग झालं, असं म्हणून गप्प बसलो.

रविवारी सभागृह भरलं. शाल, श्रीफळ, भाषणं. एका भाषणात माझंही कौतुक झालं, मामा परीक्षा विभागातले, त्यांच्या नजरेखालून गेलेलं हे कॉलेज. मी मान खाली घातली. दाराशी या कॉलेजात पोरं पाठवणारा एजंट उभा होता. अकोल्यातच ऑफिस आहे त्याचं. येईल त्याच्या हातात तो तेच रंगीत पुस्तक देत होता अन् बोटानं भाचीकडं दाखवत होता.

कार्यक्रम संपत आला तशी बार्शीटाकळीहून आलेली एक बाई आमच्याकडं आली. जावयांच्या नात्यातली. हातात पुस्तक होतं. भाचीला म्हणाली, "बाई, माह्या पोरीचंबी तिथंच करून राहिलो आमी. उद्या पक्कं करतो. तू चालली म्हणजे कॉलेज चांगलंच असन न?"

जावयांनी माझ्याकडं पाहिलं. मी जावयांकडं पाहिलं.

"नाही मावशी," भाची म्हणाली. शाल अजून तिच्या खांद्यावर होती. "खोटं आहे ते. मी नाही चालली. तिले पाठवू नका."

आजूबाजूचे चार लोक बोलता बोलता थांबले. जावई खुर्चीवर बसले. बाईनं पुस्तक मिटलं. माझ्याकडं वळून तिनं शांतपणे विचारलं, "दादा, तुमाले माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो. "कालपासून."